व्हॅन डाइक पार्क्सचा ‘साँग सायकल’ (१९६७): कुणाला पचलाय का?

माळ्यावरचा_रेडिओ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या दोन महिन्यांत हा अल्बम मी चार वेळा ऐकायला घेतला आणि चारही वेळा अर्ध्यात हात टेकले. इथवर पोचलो ते बीच बॉइज ह्या अमेरिकन बँडच्या वाटेने. त्यांचा ‘पेट साउंड्स’ अल्बम म्हणजे माझा जीव की प्राण. त्यावरून त्यांच्याच ‘स्माइल’कडे वळलो, तर तिथे बँडमधल्या ब्रायन विल्सनसाठी शब्द लिहिणारा हा इसम भेटला. म्हटलं, ह्याने स्वतःच्या नावावर काय केलंय ते बघू.

अल्बम जेमतेम ३२ मिनिटांचा. ठाण्याहून फास्ट पकडली की दादरला संपायला हवा. पहिलंच गाणं सुरू होतं ते भलत्याच माणसाच्या आवाजात, भलतंच गाणं. फोनने काही घोळ घातला असं वाटून मी थांबवून पाहिलं. मग ते विरतं आणि खरं गाणं लागतं. व्हायोलिनं येतात, पियानो येतो, सर्कशीचा बँड वाटावा असं काहीतरी येऊन जातं. एक चाल कानात बसते न बसते तो दुसरी तिला ढकलून पुढे. आणि ह्या सगळ्याच्या मागे, घागरीत तोंड घालून गावं तसा एक बारीक आवाज. कुर्ला जाईपर्यंत डोकं भणभणतं आणि मी गुपचूप जुनी गाणी लावतो.

जिथे बघावं तिथे ‘काळाच्या पुढचा’, ‘एकमेवाद्वितीय’ असं वाचतो. टोमणा नाही मारत, खरंच विचारतोय. ह्यात ऐकायचं काय, आणि कसं?

बोरिवली_फास्ट

पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिंचेचं_बुटुक

चार वेळा? दंडवत घ्या. मी दीड वेळा ऐकला.

आमच्या एका मावशींच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. त्यात पितळी हत्ती, जपानी बाहुली, शिंपल्यांचा गणपती, संगमरवरी ताजमहाल, आयफेल टॉवरची किल्ली. एकेक वस्तू सुरेख. पण हॉलमध्ये बसायला जागा नाही. ‘साँग सायकल’ म्हणजे ते कपाट. वाजवणाऱ्यांच्या हुशारीबद्दल दुमत नाहीच. हुशारी दिसते म्हणून गाणं आवडायलाच पाहिजे, असा काही कायदा नाही.

तंबोरा_तुटका

धागाकर्त्यांना एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही माइक लव्ह आहात.

१९६६च्या शेवटी ‘स्माइल’चं ध्वनिमुद्रण चालू होतं. बीच बॉइजमधल्या माइक लव्हला एका गाण्यात कावळा आणि मक्याचं शेत अशी ओळ गायला दिली होती. त्याने पार्क्सला बोलावून विचारलं, ह्याचा अर्थ काय? पार्क्सचं उत्तर साधारण असं, की मलाही सांगता येणार नाही. पुढच्या काही महिन्यांत तो त्या प्रकल्पातून बाहेर पडला, आणि ‘स्माइल’ही त्या वेळी अर्धवट राहिला. (विल्सनने पार्क्सला पुन्हा बरोबर घेऊन तो पुरा केला २००४ साली.)

म्हणजे पार्क्स वॉर्नर ब्रदर्स ह्या रेकॉर्ड कंपनीकडे आला तो असा, एक मोठं काम हातातून सुटलेला, चोवीस वर्षांचा मुलगा. निर्माता लेनी वॉरोन्कर, तोही त्याच्याच पिढीचा. कंपनीने पैशाला हात आखडता घेतला नाही, आणि ह्या दोघांनी मिळेल त्या वाद्याला स्टुडिओत बोलावलं. बालालाइका ही रशियन तंतुवाद्यंसुद्धा आहेत त्यात.

आता ‘कसं ऐकायचं’ ह्याबद्दल माझे दोन आणे. १९६७ साल आठवा. अमेरिकेतली पोरं इंग्लंडकडे बघत होती, इंग्लंडमधली पोरं सतार विकत घेत होती. आणि हा मिसिसिपीत जन्मलेला, लहानपणी चर्चच्या पठडीतल्या मुलांच्या गायनशाळेत शिकलेला माणूस म्हणाला, मला माझ्या आजोबांची अमेरिका पाहिजे. म्हणून त्यात प्रार्थनागीतं आहेत, रॅगटाइम आहे, जत्रेतले पियानो आहेत, यादवी युद्धाच्या काळाचे सूर आहेत. इलेक्ट्रिक गिटार शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. लोक ह्याला सायकेडेलिक म्हणतात ते फक्त जोडकाम बघून, एका ध्वनीतून दुसरा कसा उगवतो ते बघून. आतला माल मात्र पणजीच्या ट्रंकेतला आहे.

हिशेबाचा_माणूस

‘पैशाला हात आखडता घेतला नाही’ म्हणजे किती, ते सांगाल का? उगाच मोघम नको.

जाहिरातजीवी

मी सांगतो, कारण आमच्या धंद्यात हा किस्सा दंतकथेसारखा सांगतात.

अल्बमचं कौतुक खूप झालं, खप झालाच नाही. तेव्हा वॉर्नरच्या जाहिराती लिहिणारा स्टॅन कॉर्निन नावाचा वल्ली होता. त्याने कंपनीच्याच पैशाने जाहिरात दिली. मथळ्याचा आशय असा, की ‘वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमवर आम्ही ३५,५०९ डॉलर ५० सेंट कसे घालवले’, आणि शेवटी कंसात एक सणसणीत ‘च्यायला’. ते पन्नास सेंट बघा. खरा जाहिरातवाला त्या पन्नास सेंटांत दिसतो.

एवढ्यावर थांबला नाही. पुढच्या जाहिरातीत म्हणाला, तुमची प्रत ऐकून ऐकून झिजली असेलच, तर ती एका सेंटासकट आमच्याकडे धाडा, आम्ही दोन नव्या देऊ. एक तुम्हाला, एक मित्राला वाटायला.

आम्हाला हे थोर वाटतं. पार्क्सला अजिबात वाटलं नाही. माझी कारकीर्द संपवायला निघालात का, असं त्याचं म्हणणं. आणि खरंच आहे. नव्या गायकाची ओळख ‘ज्याच्यावर पैसे बुडाले तो’ अशी झाली की पुढचा निर्माता दारात उभा करत नाही. त्याचा पुढचा अल्बम यायला १९७२ उजाडलं.

हिशेबाचा_माणूस

धन्यवाद. जून १९६६च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना होता. म्हणजे २,६६,३२१ रुपये २५ पैसे. १९६७ साली.

बोरिवली_फास्ट

ते पंचवीस पैसे बघा. खरा हिशेबनीस त्या पंचवीस पैशांत दिसतो.

चिंचेचं_बुटुक

हसून हसून पुरेवाट.

पण @जाहिरातजीवी, ह्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो की. कंपनी एक वर दोन फुकट वाटायला तयार आणि तरी घ्यायला कुणी नाही. लोकांना कळत नाही म्हणून चांगलं, ही उलटी फूटपट्टी कुणी काढली? आपल्याकडे नवकवितेच्या वेळी हेच झालं. समजली नाही म्हणायची चोरी.

तंबोरा_तुटका

@चिंचेचं_बुटुक, लोकांना कळत नाही म्हणून चांगलं असं मी म्हटलेलं नाही. वर जाऊन वाचा. मी म्हटलं, आत जुना माल आहे.

आणि नवकवितेचं म्हणाल, तर ती निदान मोठ्याने वाचून बघायची सोय होती. कित्येक ओळी अर्थाआधी कानाला लागतात. ‘पाम डेझर्ट’ ह्या दुसऱ्या गाण्यात हॉलिवूडबद्दल एक ओळ आहे, तिथे स्वप्नं ‘अजूनही जन्मतात’ असा तिचा अर्थ. पण तेच दोन इंग्रजी शब्द जोडून ऐकले तर ‘मृत जन्मतात’. गाताना तो फरक करत नाही, पुढे निघून जातो. असल्या जागा पहिल्या खेपेला सापडत नाहीत. दहाव्या खेपेला सापडल्या की शेजारच्याला कोपर मारावंसं वाटतं.

पळसाचं_पान

काहो, हे तेच का, ज्यांनी जंगल बुकचं काहीतरी केलं होतं? कुठंतरी वाचल्यासारखं वाटते.

बोरिवली_फास्ट

जंगल बुक! रविवारी सकाळी दूरदर्शन, चड्डी घालून फूल, आहाहा.

तंबोरा_तुटका

@बोरिवली_फास्ट, ती जपानी मालिका, १९९३च्या आसपास आपल्याकडे दाखवली. पळसाचं पान म्हणतायत तो डिस्नेचा १९६७चा चित्रपट. आणि हो, तेच.

त्यातलं अस्वलाचं जे सर्वांना पाठ असलेलं गाणं आहे, थोडक्यात भागवावं असा उपदेश करणारं, त्याचं संगीत संयोजन पार्क्सने केलं होतं. गाणं टेरी गिल्किसनचं. पार्क्सच्या आयुष्यातलं हे अगदी सुरुवातीचं पैशाचं काम, चित्रपट येण्याच्या कितीतरी आधीचं, १९६३ सालचं. ते मिळालं कसं तर त्याचा भाऊ जर्मनीत अपघातात गेला होता. अंत्यविधीला जायला विमानाचं तिकीट आणि काळा सूट ह्याला पैसे नव्हते. गिल्किसनने ओळखून काम दिलं.

हे कळल्यापासून ते अस्वलाचं गाणं मला पूर्वीसारखं ऐकवत नाही.

पळसाचं_पान

अरे बापा.

मी नागपूरचा. मोगलीचं शिवनी इथून जबलपूर रस्त्यानं जेमतेम सव्वाशे किलोमीटर, म्हणून ते गाणं आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखं वाजवतात. पेंचला जाणाऱ्या प्रत्येक जिप्सीत कुणीतरी लावतेच. आता पुढल्या वेळी गाडीत हे सांगू का नको, समजून नाही राहिलं.

खाडीपलीकडे

नको सांगू. वाघ दिसायचा असला तर दिसणार नाही. (हलके घ्या.)

मी गेली अकरा वर्षं लॉस एंजेलिसला, सॅन फर्नांडो खोऱ्याच्या बाजूला. ‘लॉरेल कॅन्यन बुलेवार्ड’ हा माझा कामावर जायचा रस्ता होता, आणि ह्या अल्बममध्ये त्या नावाचं गाणं दोनदा आहे. पहिल्या बाजूला एकदा, दुसऱ्या बाजूला एकदा. चाल तीच, करामत वेगळी. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं, कारण तो रस्ता प्रत्येकाला दिवसातून दोनदा भेटतो. जाताना आणि येताना.

तो डोंगरातून वर चढून पलीकडे हॉलिवूडला उतरतो. वळणं अशी, की पुढचं वळण एवढंच दिसतं. कुणाच्या तरी कुंपणावरची बोगनवेल, मग कुणाचं गॅरेज, मग एकदम दरी, मग किराणा दुकान. सरळ रेषेत काही नाही. ‘व्हाइन स्ट्रीट’ खाली शहरात, तो मात्र सरळसोट, कॅपिटल रेकॉर्ड्सची ती गोल इमारत त्याच रस्त्यावर. पाम डेझर्ट तर पूर्वेला पार वाळवंटात.

मी काही संगीतातला जाणकार नाही. पण अल्बमच्या गाण्यांची यादी वाचली तर मला ती बसच्या थांब्यांसारखी वाटते. धागाकर्त्यांनी लोकलमध्ये ऐकलं त्यात चूक नव्हती. चूक ही की लोकल रुळावरून जाते.

माळ्यावरचा_रेडिओ

@खाडीपलीकडे, शेवटचं वाक्य चोरणार. सध्या वाचतोय, चालू द्या. @तंबोरा_तुटका, माइक लव्ह म्हटल्याबद्दल राग नाही, त्याचे पैसे बुडाले नाहीत.

पणजीचा_पाव

थोडं लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

माझे आजोबा गोव्याच्या एका गावातल्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकले. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चशाळेत सोल्फेज (म्हणजे स्वर नावांनी वाचून गाणं) आणि वाद्य शिकवायचे, त्यातून वाजवणाऱ्यांची एक फौजच तयार झाली आणि पोटासाठी मुंबईला गेली. आजोबाही गेले, स्टुडिओत मागच्या रांगेत वाजवायचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं घरात देवासारखी घेत. गोन्साल्विसांनी तर १९५८ साली स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता मुंबईत, आणि प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी.

मुद्दा असा. आपल्या सिनेमाच्या गाण्यात वाजवणारे लोक ‘फर्स्ट म्युझिक’, ‘सेकंड म्युझिक’ म्हणतात. मुखडा झाला, अंतऱ्याआधी पहिलं म्युझिक, दुसऱ्या अंतऱ्याआधी दुसरं. दोन्ही वेगळी. पहिल्यात बासरी तर दुसऱ्यात अकॉर्डियन, पहिल्यात ठेका सरळ तर दुसऱ्यात अचानक वॉल्ट्झ. ह्या अर्ध्या मिनिटात अरेंजर वाट्टेल तो देश फिरून येतो आणि कुणाला काही वाटत नाही. का? तर मुखडा परत येणार आहे हे आपल्याला माहीत असतं. आई हात धरून आहे, मग जत्रेत कितीही गर्दी असू दे.

‘साँग सायकल’मध्ये काय केलंय? हात सोडलाय. नुसती म्युझिकं एकापुढे एक लावली आहेत. मुखडा परत येत नाही, आला तर ओळखू न येण्यासारखा येतो. म्हणून तुम्ही म्हणता तसं डोकं भणभणतं. तुम्ही मुखड्याची वाट बघताय.

माझा सल्ला, गाणाऱ्याचा नाद सोडा. त्याचा आवाज मुद्दामच मागे ठेवलाय, तो गायक म्हणून नाहीच तिथे, एक वाद्य आहे. एक वाद्य धरा आणि त्याच्या मागे जा. मी एकदा अख्खा अल्बम फक्त हार्पच्या मागे गेलो. दुसऱ्या दिवशी बासच्या. आजोबा असते तर म्हणाले असते, पार्ट बघ, गाणं आपोआप दिसेल.

चिंचेचं_बुटुक

हा प्रतिसाद आवडला. पटला नाही, पण आवडला. आई हात धरून असते म्हणूनच आम्ही जत्रेत जातो हो.

तंबोरा_तुटका

@पणजीचा_पाव, पूर्ण सहमत. एवढी वर्षं ऐकतोय पण मुखड्याची गोष्ट अशी कधी सुचली नाही.

ओहोटीभरती

मी मर्चंट नेव्हीत, अलिबागचा. हा अल्बम माहीत नव्हता, धागा वाचून यादी बघितली. ‘विडोज वॉक’ हे नाव दिसलं म्हणून थांबलो. अमेरिकेत न्यू बेडफर्ड बंदराच्या बाजूला जुन्या घरांच्या छपरावर कठडा असलेला लहानसा सज्जा असतो, त्याला हे नाव. खलाशांच्या बायका तिथे येरझाऱ्या घालत समुद्राकडे बघायच्या म्हणे, गलबत परत येतंय का ते बघायला. बरीच परत यायची नाहीत, म्हणून ‘विधवेची येरझार’.

बायकोला फोटो पाठवला होता. तिने उत्तर दिलं, आपल्याकडे गच्चीवर टाकी आहे आणि सोसायटीने कुलूप लावलंय.

बोरिवली_फास्ट

वहिनींचा अल्बम काढा.

गडद_निळा

जाता जाता, एक गंमत कुणीच लिहिली नाही. पहिल्या बाजूच्या शेवटच्या तुकड्याचं नाव ‘व्हॅन डाइक पार्क्स’ आणि त्याचा कर्ता म्हणून छापलंय ‘पब्लिक डोमेन’. दुसरी बाजू उलटली की पहिलं गाणं ‘पब्लिक डोमेन’, कर्ता व्हॅन डाइक पार्क्स. नाव आणि माणूस अदलाबदल. आणि तो पहिला तुकडा म्हणजे एक जुनं प्रार्थनागीत, टायटॅनिक बुडताना वादक वाजवत होते असं सांगतात ते, आणि त्यावर चढत जाणारा पाण्याचा आवाज. मिनिटभराचाही नाही. स्वतःच्या नावाचं गाणं केलं आणि ते बुडवलं. मग रेकॉर्ड उलटायची, की हा आहेच पुन्हा.

फोनवर ऐकणाऱ्यांना हे कळणं अवघड, कारण उलटायला काही नाही.

हिशेबाचा_माणूस

म्हणजे बुडणार हे त्याला आधीच माहीत होतं. ३५,५०९.५०.

तंबोरा_तुटका

अवांतर: त्याच १९६७ साली त्याच्या थोरल्या भावाने, कार्सन पार्क्सने लिहिलेलं द्वंद्वगीत फ्रँक आणि नॅन्सी सिनात्रा ह्या बापलेकीने गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. साधी चाल, साधे शब्द. एका घरात एकाच वर्षी हे आणि ते. त्या वर्षीचं नाताळचं जेवण बघायला हवं होतं.

चिंचेचं_बुटुक

मी थोरल्या भावाच्या बाजूला बसले असते.

साबुदाणा_वडा

‘सायकल’ म्हणजे मला वाटलं सायकलवरची गाणी आहेत. धागा उघडून वीस मिनिटं गेली. आता काय करू?

बोरिवली_फास्ट

आता अल्बम ऐका. आणखी बत्तीस मिनिटं जातील.

साबुदाणा_वडा

ऐकला. ‘डोनोव्हन्स कलर्स’ छान आहे. बाकीचं माहीत नाही.

गडद_निळा

@साबुदाणा_वडा, तुम्ही नकळत अचूक जागी बोट ठेवलंत. ते गाणं मूळ डोनोव्हन ह्या ब्रिटिश गायकाचं, इथे त्याला शब्दच नाहीत. पार्क्सने ते आधी एकल तबकडी म्हणून काढलं होतं, तेही जॉर्ज वॉशिंग्टन ब्राउन अशा खोट्या नावाने. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात त्याचं फार कौतुक छापून आलं, आणि मगच कंपनीला धीर आला. धागाकर्त्यांनीही तिथूनच सुरुवात करावी. चाल ओळखीची असल्यामुळे पणजीच्या पावांची ती आई हात धरून आहे, आणि भोवती जत्रा पूर्ण भरलेली.

नंतर ‘द अ‍ॅटिक’. त्यात माळा आहे, माळ्यावरची ट्रंक आहे आणि वडिलांची युद्धातली पत्रं आहेत. तुमचं नावच ‘माळ्यावरचा रेडिओ’, आणि तुम्ही आम्हाला विचारता ह्यात काय आहे?

खाडीपलीकडे

आणि हेडफोन नको. भिंतीकडे तोंड केलेला एखादा जुना स्पीकर असेल तर त्यावर.

नवथर

मी विशीतली आहे, उलट्या बाजूने आले. जोआना न्यूसम ह्या गायिकेचा ‘यीज’ (२००६) हा अल्बम ऐकून. त्यातली तंतुवाद्यं पार्क्सने बांधली आहेत. तिथे गाणी बारा-बारा, सोळा मिनिटांची, वाद्यं गाणारीच्या भोवती वेलीसारखी चढतात, कुठेही तिच्या पायात येत नाहीत. ते ऐकून ‘साँग सायकल’कडे गेले तर तीच हाताची लकब, फक्त चोवीस वर्षांच्या मुलाच्या हातात, सगळं एकदम सांगायचंय अशा घाईत. मला ती घाई आवडते. चिंचेचं बुटुक म्हणतात ते कपाट खरं आहे, पण ते आवरलेलं नाही, घर बदलताना रिकामं करतायत तसं आहे.

तंबोरा_तुटका

हा प्रतिसाद वाचून मी गप्प बसतो.

बोरिवली_फास्ट

स्क्रीनशॉट काढून ठेवा, ऐतिहासिक क्षण.

*(सतरा दिवसांनी)*

माळ्यावरचा_रेडिओ

धागा वर काढतोय, माफी असावी. गृहपाठ केला.

मधल्या रविवारी आई माझ्याकडे होती. दुपारी ती झोपली असेल असं समजून हॉलमधल्या जुन्या स्पीकरवर लावला. गडद निळा म्हणाले तसं ‘डोनोव्हन्स कलर्स’पासून. पणजीचा पाव म्हणाले तसा गाणाऱ्याचा नाद सोडला आणि मिळेल त्या वाद्याच्या मागे गेलो. माझ्याच्याने अख्खा वेळ एकाच्या मागे जाववलं नाही. तरी पहिल्यांदाच डोकं भणभणलं नाही, एवढं नोंदवतो.

‘लॉरेल कॅन्यन’ची दुसरी फेरी चालू असताना आई दारात येऊन उभी. म्हणाली, “दोन स्टेशनं एकदम लागलीत का रे?”

तिचं लहानपण कऱ्हाडचं. घरात मर्फीचा रेडिओ होता. सिलोन लावताना काटा जरा इकडेतिकडे झाला की एका गाण्याखाली दुसऱ्या देशाचं गाणं, मधेच कुठल्यातरी भाषेत बातम्या, मधेच नुसती खरखर. आजोबा ओरडायचे, नीट लाव. ती म्हणाली, मला नीट लावायचं नसायचंच, त्या मधल्या जागेत बरं वाटायचं. मग खुर्ची ओढून बसली. बालालाइका आल्यावर विचारलं, हे कुठलं स्टेशन? मी म्हटलं, अमेरिका. म्हणाली, काहीतरीच, हे मॉस्को आहे.

मग मी सुरुवातीपासून लावला. पहिल्या गाण्याआधी जो भलताच माणूस गातो, तो पार्क्सचा मित्र स्टीव्ह यंग, हे आता मला माहीत झालंय. पुढे पहिल्या बाजूला ‘द ऑल गोल्डन’ आहे तेही त्याच्याचबद्दल. आईला मात्र हे काही सांगायची गरज पडली नाही. ती म्हणाली, “बघ, आधीचं स्टेशन अजून गेलं नव्हतं.”

मला अल्बम आवडला का? अजून सांगता येत नाही. पण पूर्ण ऐकला, एका बैठकीत, दीड वेळा. शेवटचं ‘पॉट पुरी’, जिथे सगळी फौज निघून जाते आणि नुसता पियानो आणि तो बारीक आवाज उरतो, तिथे आम्ही दोघंही काही बोललो नाही. नंतर तिने चहा टाकला.

पणजीचा_पाव

मर्फी! सगळ्या धाग्याचं उत्तर आईंनी एका वाक्यात दिलं आणि आम्ही इथे निबंध लिहितोय.

पळसाचं_पान

आईंना आमचा नमस्कार सांगा. मॉस्को म्हणे. बरोबरच हाय त्याईचं.

नवथर

मला खरखर आणि काटा हे फक्त ऐकून माहीत. पण आता पुढच्या वेळी ते डोक्यात राहणार.

हिशेबाचा_माणूस

चार वेळा अर्धवट आणि एकदा दीड, म्हणजे एकूण साडेतीन वेळा ऐकून झाला. प्रत झिजली असेल. एक सेंट तयार ठेवा.

चिंचेचं_बुटुक

मीही पुन्हा ऐकला, तुमच्या आईंसाठी. कपाट अजून कपाटच आहे.

मात्र ते शेवटचं पियानोचं पाच वेळा लावलं. तेवढं एक बाहेर काढून मिळेल का?